वाढव

१

डिमर घ्यायला मी तीन दुकानं फिरले आणि तिन्ही ठिकाणी माझ्यापुढे पंख्याचा रेग्युलेटर ठेवण्यात आला. "हाच लावा ताई, फिरवला की दिवा कमी होतो," असं तिघंही छातीठोकपणे म्हणाले. चौथ्या दुकानात एक चष्मेवाले गृहस्थ भेटले. त्यांनी आधी विचारलं, "बल्ब कोणते आहेत? एलईडी? किती वॅटचे? खोक्यावर 'डिमेबल' लिहिलंय का?" एवढे प्रश्न विचारणारा दुकानदार मला आवडतो. माझ्या कामातही अर्धं यश नेमकं विचारण्यात असतं.

माझं काम कान तपासण्याचं. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी." मग बाहेर बसून मी एकेक आवाज सोडते. बावीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. मी काहीच सोडलेलं नसतं तेव्हाही माणसं बटण दाबतात. चांगली शिकलीसवरलेली, प्रामाणिक माणसं दाबतात. त्यांना खरंच ऐकू आलेलं असतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे तुम्ही मला नेमकं हेच ऐकवणार आहात.

चष्मेवाल्यांनी समजावून सांगितलं की जुने डिमर पिवळ्या बल्बांसाठी होते. त्यांना निदान साठ वॅटचा भार लागतो, आणि एलईडी बिचारा नऊ वॅटचा. चुकीचा डिमर लावला तर दिवा फडफडतो, गुणगुणतो, नीट उतरत नाही. मग त्यांनी एलईडीला चालणारे दोन नमुने काढले. एक गोल फिरवायचा होता, दुसऱ्याला वरखाली सरकणारी दांडी होती आणि खाली चालू-बंदचं बटण.

"यातला कुठला देऊ?"

"दोन्ही द्या. एक उद्या परत आणून देते," मी म्हणाले. "ज्यांच्यासाठी घेतेय त्यांना यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं."

२

बाबांनी चाळीस वर्षं नाटकाचे दिवे चालवले. प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला एक खोपटं असायचं, त्यात दांड्यांची रांग, आणि त्या दांड्यांवर बाबांची बोटं. दांडी पुढे ढकलली की स्टेजवर उजेड चढायचा, स्वतःकडे ओढली की उतरायचा. आई लवकर गेली, म्हणून मी लहानपणी पुष्कळ संध्याकाळी त्याच खोपट्यात काढल्या. तेव्हा मी इतकी बुटकी आणि गोल होते की बाबांनी माझं नाव 'बटण' पाडलं. पन्नाशीला आले तरी ते सुटलं नाही.

चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांना मागच्या खोलीत ठेवलं, कारण संडास-बाथरूम तिथून जवळ. त्या खोलीला खिडकी आहे, पण शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागेल इतकी जवळ, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. ट्यूबच्या उजेडात बाबा डोळे गच्च मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, "झगझगाट नको, काळोखही नको. मऊ उजेड ठेवा." मऊ उजेड कुठल्या दुकानात मिळतो ते त्यांनी सांगितलं नाही.

दोन्ही डिमर मी बाबांच्या पांघरुणावर ठेवले. त्यांनी डाव्या हाताने गोल बटण बाजूला सारलं आणि दांडीवर अंगठा ठेवला. वर नेली, खाली आणली. पुन्हा वर, पुन्हा खाली. डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले, आणि मी उगाच पाणी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याचं खरं नाव आमच्या इमारतीत कुणाला ठाऊक नाही. फ्यूज उडो, घंटा बिघडो, गिझर गार पडो, तो एकच निदान करतो, "अर्थिंग बघायला हवं." म्हणून तो अर्थिंगकाका.

"कुठे बसवायचा? साहेबांच्या उशाशी देतो ना," काका म्हणाला. "डावा हात चालतोय. पडल्या पडल्या स्वतः कमीजास्त करतील. त्यांचंच काम ते."

"भिंत फोडावी लागेल?"

"थोडी. तारेची पट्टी ओढावी लागेल."

भिंत फोडायची म्हणजे धूळ, धूळ म्हणजे बाबांचा खोकला, शिवाय तो हात एकदा ओला असताना लागला म्हणजे? मी म्हणाले, "नको. दाराजवळ जुना स्विच आहे तिथेच बसवा."

काकाने दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हणाले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बसवून झाल्यावर त्याने बटण दाबून दिवे बंद केले आणि वर पाहत राहिला. छतावरचे दोन्ही बल्ब पूर्ण विझले नव्हते. त्यांच्यात राखेतल्या निखाऱ्याएवढी धुगधुगी होती.

"पूर्वी कुणीतरी बोर्डात तारा उलट जोडल्यात. एलईडीला चिमूटभर करंटही पुरतो," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात येऊन सरळ करतो. अर्थिंगही बघायला हवं."

पुढच्या आठवड्यात तो आला नाही, आणि मीही मागे लागले नाही. बाबांना रात्री तेवढीच सोबत, असं मला वाटलं.

३

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मॅडम येत. तरुण, चटपटीत, आणि बाबांशी लहान मुलाशी बोलावं तसं न बोलणाऱ्या, म्हणून मला आवडायच्या. त्यांनी बाबांच्या उरलेल्या शब्दांची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. हो. नको. पाणी. ये. बस. थांब. उद्या. बटण. एकूण आठ.

"आठ पुष्कळ आहेत," मॅडम म्हणाल्या. "आणखी दोन महिने हे टिकले तर टिकलेच म्हणा. एकच करा. त्यांनी शब्द उच्चारला की लगेच ती गोष्ट करायची. पाणी म्हटलं की पाणी. शब्द चालतो हे त्यांना कळलं पाहिजे, नाहीतर ते सोडून देतील."

आठातला शेवटचा शब्द मी होते. तो टिकावा एवढंच मला हवं होतं. आयुष्यात मी फार काही मागितलेलं नाही.

डिमर बसून तीन दिवस झाले असतील. कामावरून आले, बाबांच्या खोलीत गेले आणि दांडी अर्ध्यावर आणली. दार एका भिंतीला, पलंग समोरच्या भिंतीला, त्यामुळे दांडीला हात लावायचा तर बाबांकडे पाठच होते.

"वाढव," मागून आवाज आला.

मी गर्रकन वळले. बाबा माझ्याकडे पाहत होते. यादीत नसलेला शब्द! आणि तोही त्यांच्या पेशातला. नाटक बसवणारे अंधारातून ओरडायचे, "जरा वाढव", आणि बाबा दांडी पुढे ढकलायचे. मी लगेच दांडी वर सरकवली. खोली उजळली. मी जाऊन त्यांच्या कपाळाची पापी घेतली आणि यादीत नववा शब्द लिहिला. आनंदात मी हे पाहिलंच नाही की बाबांचा डावा हात पांघरुणावरून स्वतःकडे सरकत होता. पाहिलं असेलही. पांघरूण ओढतायत, असं वाटलं असेल.

४

डिमर अर्ध्यावर असला की खोलीत बारीक गुणगुण होई. मी काकाला फोन केला.

"डिमर आहे ताई, गुणगुणणारच," तो म्हणाला. "फार झालं तर दांडी थोडी वर ठेवा, थांबेल."

त्याचं बरोबर होतं. चष्मेवाल्यांनीही तेच सांगितलं होतं. पण आवाज कुठून येतो हे ओळखणं माझ्या हाडात आहे, ती सवय घरी येताना दवाखान्यात ठेवून येता येत नाही. मी बोर्डाला कान लावला. तिथे काही नव्हतं. स्टुलावर चढून बल्बांशी कान नेला. तिथेही नाही. मग खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिले आणि हळूहळू मान फिरवली.

आवाज खाली होता. पलंगाशेजारी एक लाकडी खुर्ची असते, बाबांना भरवताना मी तिच्यावर बसते. तिच्या बाजूने येत होता. जमिनीवरून नाही, बैठकीवरूनही नाही. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तेवढ्या उंचीवरून.

मी स्वतःशी हसले. बंद खोलीत भिंतींवरून आवाज उसळी मारतो, नको तिथून आल्यासारखा वाटतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

"बस," बाबा म्हणाले.

मी खुर्चीवर बसायला गेले तर ते घाईघाईने म्हणाले, "नको. नको."

'बस' या शब्दाचे दोन अर्थ होतात, बसणं आणि पुरे. त्यांना कुठला हवा होता हे मी विचारलं नाही. विचारून ते सांगू शकले नसते. मी उभीच राहिले आणि गुणगुण थांबावी म्हणून दांडी वर सरकवली. ती थांबली. त्या आठवड्यात मॅडमनी 'उद्या' या शब्दावर बारीक रेघ मारली. तीनदा विचारूनही तो आला नव्हता.

५

पुढच्या आठवड्यात 'पाणी' गेला. मग 'थांब'.

"होतं असं कधीकधी," मॅडम म्हणाल्या, पण त्या माझ्याकडे न बघता वही चाळत होत्या. "नवा शब्द मात्र टिकून आहे ना? वाढव?"

तो टिकून होता. इतका की दिवसातून वीसदा येई. दांडी पाव भागावर असली तरी वाढव, अर्ध्यावर असली तरी वाढव. मी शहाण्यासारखी प्रत्येक वेळी वाढवत गेले, कारण शब्द चालतो हे त्यांना कळायला हवं होतं. पूर्ण उजेड झाला की बाबा डाव्या हाताने डोळे झाकत. डोळे दुखले असतील म्हणून मी दांडी खाली आणायची. दांडी खाली आली की पुन्हा, वाढव. झटका आलेल्या माणसाचं असंच असतं, काय हवंय ते त्यालाच उमगत नाही, असं मी फोनवर आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची.

"तो लहानपणापासून हट्टी," आत्या म्हणाली. "पुढच्या रविवारी येते. मी बघते त्याच्याकडे."

एका दुपारी मी ती खुर्ची उचलून बाहेरच्या खोलीत नेली. कारण काही नव्हतं. म्हणजे होतं, पण मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. परत येऊन दांडी अर्ध्यावर आणली आणि डोळे मिटले.

गुणगुण होती. मात्र खुर्चीच्या जागी नव्हती. ती आता पलंगाच्या काठावर होती, बाबांच्या खांद्याशी.

मी डोळे उघडले. तिथे काहीही नव्हतं. बाबांची मान भिंतीकडे वळलेली होती, जेवढी वळेल तेवढी, आणि गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. मी काही विचार न करता बाहेर गेले, खुर्ची आणली आणि होती तिथे ठेवली. आवाज खुर्चीकडे परत गेला. बाबांनी श्वास सोडला.

मी दिवसभर दुसऱ्यांचे कान तपासते. माझे कान शेवटचे कधी तपासले, असा प्रश्न मला पडला. दुसऱ्या दिवशी कामावर सहकाऱ्याला म्हणाले, "माझी एक टेस्ट घे रे." त्याने घेतली. मी काचेच्या खोलीत बटण धरून बसले. बाहेर आल्यावर त्याने आलेख दाखवला.

"तुझ्या वयाला लाजवतील असे कान आहेत," तो म्हणाला. "एकदाही चुकीचं बटण दाबलं नाहीस."

मला रडू आलं. त्याला वाटलं आनंदाने.

६

मी नऊ वॅटचे बल्ब काढून बारा वॅटचे लावले. एवढं मागतायत तर उजेड कमी पडत असेल, असा माझा हिशोबी मेंदू.

त्या चार दिवसांत 'हो', 'ये' आणि 'बस' गेले. शुक्रवारी सकाळी 'नको' गेला. मी औषधाची गोळी पुढे केली. ती कडू असते म्हणून बाबा रोज नको म्हणायचे आणि मग घ्यायचे, असा आमचा खेळच होता. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, ओठांची खटपट केली, आणि काही आलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गोळी खिशात टाकली.

"बाबा, मी कोण?" मी विचारलं.

"बटण," ते म्हणाले. सावकाश, पण स्वच्छ.

मी त्यांचा हात गालाला लावून किती वेळ बसले होते कोण जाणे. कामावर जायला उशीर झाला. निघताना दाराशी आले, दांडीकडे हात गेला आणि पाठीमागून आलं, "वाढव."

मी दांडी पार वर नेली आणि निघून गेले. संध्याकाळी परत आल्यावर विचारलं, "बाबा, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

७

रविवारी संध्याकाळी आत्या आली. जिना चढून दमली होती, तरी पाणी न घेता थेट मागच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या पायथ्याशी टेकून भावाकडे टक लावून बसली. दोघांचं नाक अगदी एक. मी दिवा पूर्ण लावून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले.

आत्याने हाक मारली. मी दारात आले.

"अगं, तो एवढा सांगतोय, ऐकत का नाहीस?" ती म्हणाली. "मघापासून तीनदा म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोर म्हणाला. दिवा वाढव म्हणतोय ना तो?"

"पूर्ण वाढवलाय, आत्या. दांडी पार वर आहे. अजून किती वाढवू?"

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच आजारी होते.

"वाढव म्हणजे मालव गं," ती म्हणाली. "आमच्या आईला दिवा विझव म्हटलेलं खपायचं नाही. अभद्र बोलू नका म्हणायची. दिवा वाढवा, म्हणायची. बांगडी फुटली तर आपण वाढली म्हणतो की नाही, तसं. निजताना रोज आमच्या दोघांत भांडण, दिवा कोण वाढवणार म्हणून."

"पण बाबा तर नाटकात..."

"नाटक नंतरचं. तो आता सात वर्षांचा आहे. बघ ना त्याच्याकडे."

मी बघितलं. बाबांचा डावा हात पांघरुणावर पालथा होता आणि पुन्हा पुन्हा स्वतःकडे येत होता. टोकापासून छातीपर्यंत, सावकाश, एका रेषेत. मी ती हालचाल हजारदा पाहिली होती, खोपट्यात, त्यांच्या मांडीवर बसून. दांडी स्वतःकडे ओढायची. उजेड उतरवायचा. शेवटचा प्रवेश संपला की सगळ्या दांड्या एकदम.

पाच आठवडे ते मला सांगत होते, आणि पाच आठवडे मी प्रत्येक वेळी उलटं करत होते.

चहा उतू गेल्याचा वास आला. आत्या गुडघे धरत उठली आणि गॅस बंद करायला गेली. मी दाराशीच होते.

८

मी आत येऊन दार लावून घेतलं आणि बटण दाबलं.

दिवे गेले, पण पूर्ण गेले नाहीत. काकाने म्हटल्याप्रमाणे बल्बांत धुगधुगी राहिली, आणि ती आता बारा वॅटच्या बल्बांची होती. गुणगुण सुरू झाली. डोळे सरावायला थोडा वेळ लागला. आधी पलंगाची कड दिसली, मग पांघरूण, मग उशी.

मग खुर्ची. खुर्ची रिकामी नव्हती.

मी जे पाहिलं ते एवढंच. खुर्चीत काळोख थोडा जास्त होता, आणि तो बाबांवर वाकलेला होता. डोक्याच्या जागी जे होतं ते एका बाजूला कललं होतं. रोज माझ्यासमोर जी माणसं बसतात ती बारीक आवाज ऐकताना अशीच कलतात. त्याचा कान बाबांच्या ओठांना लागलेला होता.

आत्या म्हणते मी ओरडले नाही. मी स्टूल ओढलं, चढले आणि पहिला बल्ब फिरवून काढला. हात भाजला. खुर्चीकडे मी पाहत नव्हते. दुसरा बल्ब सुटायला अडखळला, मग सुटला, आणि खोलीत पहिल्यांदाच खराखुरा काळोख झाला. गुणगुण थांबली. पलंगावर बाबांचा श्वास एकदा अडखळला आणि संथ लागला. झोपलेल्या माणसाचा लागतो तसा.

दोन्ही हातांत दोन गरम बल्ब घेऊन मी स्टुलावर उभी होते. आता झालं, असं वाटलं.

"बटण," बाबा म्हणाले.

झटक्यानंतरचा जड, चिकट आवाज नव्हे. त्यांचा जुना आवाज, खोपट्यातला, जरासा हसरा. मी कशीबशी खाली उतरले, बल्ब पांघरुणावर टाकले आणि चाचपडत त्यांच्या तोंडावर तळवा ठेवला.

ओठ मिटलेले होते. नाकातून संथ, गरम श्वास माझ्या बोटांवर येत होता.

"ये," तो आवाज म्हणाला, माझ्या डाव्या हाताला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. "बस. थांब. पाणी. हो. नको. उद्या."

माझ्या तळव्याखाली काही हललं नाही.

"वाढव," तो म्हणाला.

९

मी हिशेब करून पाहिला आहे. त्या पाच आठवड्यांत मी तो शब्द काही शेकडो वेळा ऐकला असेल. त्यातल्या किती वेळा बाबांचे ओठ हलताना मी पाहिले? बाबांनी तो म्हटला होता यात शंका नाही, आत्याने समोर बसून पाहिलं आहे. पण दांडीपाशी उभी असताना माझी पाठ त्यांच्याकडे असे. दोघं एकच शब्द म्हणत होते. एकाला दिवा मालवून हवा होता, एकाला हवा होता मोठा करून. आवाज आला की मी बटण दाबत होते, आणि कोणी सोडला ते मी, माझ्यासारखीने, एकदाही तपासलं नाही.

त्या रविवारपासून खोलीत दिवा नाही. दार उघडं ठेवून बाहेरच्या उजेडात मी बाबांचं सगळं करते आणि मग दार लावून घेते. ते चांगलं जेवतात, शांत झोपतात. वजन दोन किलोंनी वाढलं. डॉक्टर खूश आहेत. मॅडमनी मात्र कपाटावरची यादी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आता शब्द परत येतील असं मी म्हणणार नाही. तुम्हाला खोटी आशा लावणार नाही." मी त्यांना म्हणाले, चालेल. शब्द कुठे आहेत ते मला माहीत आहे हे सांगितलं नाही.

रोज संध्याकाळी मी त्या काळोखात पलंगाच्या काठावर बसते. बाबा माझा हात धरतात. त्यांना आता मी कोण हे ठाऊक आहे की नाही, कळत नाही. हात मात्र घट्ट धरतात. थोड्या वेळाने खुर्चीतून बोलणं सुरू होतं. पहिले काही दिवस सुटे शब्द यायचे. आता ते जोडायला लागलं आहे. जेमतेम नऊ शब्द, पण बाबांना झटक्यानंतर एकदाही जमलं नव्हतं असं, अख्खं, सरळ वाक्य.

"बटण, ये. बस. थांब. उद्या नको."

उद्या नको, जाऊ नको, असंच माझ्या लहानपणी बाबा म्हणायचे, मला शाळा बुडवायला लावून दौऱ्यावर न्यायचे तेव्हा. त्याच सुरात. मी मनात उत्तर देते, मोठ्याने कधीच नाही. आणि शेवटी ते रोज म्हणतं, हळूच, लाडीगोडी लावल्यासारखं, "वाढव, बटण." तेव्हा बाबांची बोटं माझ्या मनगटावरून सुटतात आणि पांघरुणावर फिरायला लागतात. छातीकडे. पुन्हा छातीकडे.

मला फक्त एकदा नीट बघायचं आहे. बाबांचा आवाज ज्याच्याकडे आहे, त्याला चेहरा कोणाचा आहे एवढंच. एक क्षण, दांडी अगदी जराशी, मग लगेच खाली.

काल आत्याला फोन केला तेव्हा तिने विचारलं, "दिवा लावत नाहीस ना तिथे?"

"नाही," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. काल दुपारी मी बल्ब परत बसवले. नुसते बसवले आहेत.